हमीदा आपांचा जागल्या

हमीदा आपा ऑफिसात आल्या की आधी ओढणीची गाठ कमरेला मारायच्या, मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर बोटांनी टकटक करायच्या. कुणाच्या दारावर करतात तशी. कान लावून ऐकायच्या. आतला पंखा सुरळीत फिरतोय अशी खात्री पटली, की मगच आम्हा माणसांकडे वळून म्हणायच्या, "हं, बोला. तुमचं काय चालू आहे?"

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई थोडी विक्षिप्त आहे. पुढे कळलं, थोडी नव्हे, चांगलीच आहे. पन्नाशीच्या आसपासचं वय, अंगाने भरलेल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, चष्म्याला काळी दोरी. मूळच्या दिग्रसच्या. नागपूरला राहून कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं, आणि ते घेतलंय हे कुणाला विसरू द्यायच्या नाहीत. नवा माणूस भेटला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच सांगून मोकळ्या होत, "आमच्या दिग्रसमधून या लाईनीत जाणारी पहिली पोरगी मी. विचारा कोणालेबी." कुणी कधी विचारलं नाही. मग त्याच पुन्हा सांगायच्या.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, पाऊस बेभरवशाचा, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं ते नको त्या कारणाने. यवतमाळला दारव्हा रोडवर, सरकीच्या एका बंद गोदामावरच्या दोन खोल्यांत एका ट्रस्टची फोन सेवा चालायची, शेतकऱ्यांसाठी. आम्ही काही मुली फोन घ्यायचो. कुणी अळीवर काय फवारू ते विचारायचा, कुणाला एखादी सरकारी योजना समजून घ्यायची असायची. आणि कुणी काहीच विचारायचं नाही. नुसतं बोलत राहायचं, किंवा फोन कानाला लावून गप्प राहायचं. खरं म्हणजे त्या गप्प फोनांसाठीच ती सेवा होती.

बोरकर सर आमचे प्रमुख. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांचा एक नियम होता: माणसाला त्याचं दुखणं दोनदा सांगायला लावायचं नाही. म्हणून फोन आला की नाव-गाव विचारायचं, कॉम्प्युटरवर त्याची आधीची नोंद उघडायची आणि मागच्या वेळी जिथे बोलणं थांबलं तिथून पुढे बोलायचं. कोण फोनवर आहे, मी, म्हणजे सविता, की दुसरी कुणी, याने त्याला फरक पडता कामा नये.

या सगळ्या नोंदी ज्या कोपऱ्यातल्या मशीनमध्ये राहत, ते आपांचं राज्य. डेटाबेस हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. त्यांनी मला खिडकीशी नेलं, खालचं गोदाम दाखवलं आणि म्हणाल्या, "तुले जे पडद्यावर दिसते थे दुकान होये. डेटाबेस म्हणजे मागचं गोदाम. दुकान किती सजवलं अन् गोदामच उघडलं नाही, तं गिऱ्हाईकाले काय देशीन? शेंगदाणे?" हे म्हणताना त्या स्वतः शेंगदाणे खात होत्या. भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी त्यांच्या पर्समध्ये कायम असे, आणि टरफलं त्या बोरकर सरांच्या टेबलाखालच्या टोपलीतच टाकत. दुसऱ्या कुठल्याही टोपलीत नाही. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"कळवलं का?" हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. जेवायला खाली उतरताना कुणाला सांगितलं नाही, तर जिन्यावरून हाक यायची, "चालली कुठं? कळवलं का?" त्यांच्या दिग्रसच्या घरातलं झाडून सगळं माणूस मिस्ड कॉलवर चालायचं. भाऊ पुसदला पोचला की एक मिस्ड कॉल. भाची कॉलेजातून घरी आली की एक. आईने दुपारचं औषध घेतलं की दोन. आपांचा मोबाईल टेबलावर सारखा किणकिणायचा, त्या उचलायच्या नाहीत, नुसत्या मान हलवायच्या. आणि वेळ टळली, किणकिण झाली नाही, की ही बाई अस्वस्थ. टाईप करता करता थांबायची, घड्याळ बघायची. "पोचला असन," आम्ही म्हणायचो. "पोचला असन अन् पोचला, यात फरक आहे बेटा."

हे कुठून आलं, ते एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. हंगामात तिथे कापसाचे डोंगर लागायचे. "कापूस आतून जळते," आपा म्हणाल्या. "ठिणगी पडली तं वरून काहीच दिसत नाही. पांढराशुभ्र ढीग. दोन-दोन दिवस आत धुमसत राह्यते. अब्बा काय करत, लोखंडाची लांब सळई ढिगात खुपसत. थोडा वेळ ठेवत, मग काढून हात लावून पाहत. गरम लागली तं आरडाओरडा. बाकीचे म्हणत, मास्तर, ढीग तं मस्त दिसून राह्यला. अब्बा म्हणत, दिसाचं मले नको सांगू."

एवढ्या सगळ्या कळवाकळवीची आवड असलेली ही बाई स्वतःच्या मशीनबद्दल मात्र कुणाला काहीच सांगायची नाही. पासवर्ड त्यांच्या डोक्यात. मशीन बंद पडली तर ती कशी सुरू करायची, तेही त्यांच्याच डोक्यात. आम्ही जवळ गेलो तरी हात आडवा. "तुम्ही बिघडवसान." बोरकर सरांनी एकदोनदा विषय काढला, तर म्हणाल्या, "मी आहे ना सर. मी कुठं चालली?" आपल्याशिवाय इथलं पान हलत नाही, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडायची. ते त्यांच्या चालण्यातही दिसायचं.

आणि मग त्या एका दुपारी त्या नव्हत्या.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारायला त्या सकाळीच दिग्रसला गेल्या होत्या. इकडे आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, गेली. त्या वर्षांत लाईन जाणं म्हणजे रोजचंच, पण त्या दिवशी इन्व्हर्टरनेही मान टाकली. लाईन परत आली तेव्हा पंखे फिरले, ट्यूबलाईट लागली, कॉम्प्युटरही सुरू झाले. सगळं होतं तसं दिसत होतं. नोंद उघडायला गेलं की मात्र पडदा कोरा. मागचं गोदाम बंदच राहिलं होतं.

तेवढ्यात माझ्या फोनवर एका बाईचा आवाज आला. मारेगावकडच्या एका खेड्यातली इंदूबाई. फोनच्या बूथवरून बोलत होती, मागे एसटीचा आवाज येत होता.

"मी मांगं बोलली होती ना बाई. समदं सांगतलं होतं."

"हो ताई, पण आज आमचा कॉम्प्युटर... तुम्ही जरा थोडक्यात सांगता का?"

ती अगदी हळू म्हणाली, "पुन्हा पयल्यापासून सांगू?"

मी काही बोलायच्या आत फोन ठेवल्याचा आवाज आला.

आपा दुपारच्या एसटीने परत आल्या, तोवर आम्ही सगळ्याजणी त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसलो होतो. त्यांनी ओढणीची गाठ मारली नाही, टकटक केली नाही. सरळ खुर्चीत बसल्या, दोन-तीन ओळी टाईप केल्या, आणि गोदाम उघडलं. इतकंच काम होतं. ते बघून त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरला.

इंदूबाईची नोंद उघडली. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर त्यात होता. आपांनी वाचलं आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: माझ्या हातातला रिसीव्हर घेतला. दुकानदाराने इंदूबाईला बोलावून आणेपर्यंत त्या उभ्याच होत्या.

"इंदूताई, मी हमीदा. मी सल्ला देणारी नोहो, मी इथली कॉम्प्युटरवाली. तुम्ही मांगं जे बोलल्या, थे शब्द न् शब्द आमच्याकडे लिहून आहे. आज थे उघडलं नाही. चूक माझी आहे, या पोरीची नाही. तुमाले पुन्हा काही सांगाची गरज नाही. मालकाचं जेवण तुटलं आहे, कोणाशी बोलत नाहीत, वावरात जाऊन बसते अन् तुम्ही मांगं मांगं जाता. माहीत आहे आमाले. आता सविताशी बोला. थिलेबी माहीत आहे."

मी फोन घेतला. पलीकडे इंदूबाई रडत होती, पण फोन धरून होती. बोरकर सरांनी त्याच संध्याकाळी मारेगावच्या ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं, दुसऱ्या दिवशी आमचा माणूस तिच्या गावी जाऊन आला. मी हे सांगतेय तेवढ्या सोप्या गोष्टी नव्हत्या त्या. पण धागा तुटला नाही.

फोन संपल्यावर आपा दिसेनात. जिन्यात बसल्या होत्या. बोरकर सर एक पायरी खाली जाऊन बसले.

"आपा, लाईनच गेली. तुमचा काय दोष?"

"मशीन पडली, त्याचं मले काही नाही सर. मशीन पडाचीच. पडली हे कोणाले कळलं नाही. अन् कळलं असतं तरी उठवाची कशी, हे माझ्याशिवाय कोणाले माहीत नाही. हे असं मीच करून ठेवलं." मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी दुनियेले विचारत फिरते, कळवलं का, कळवलं का."

दुसऱ्या दिवशीपासून त्या कामाला लागल्या.

त्यांना एक छोटासा प्रोग्राम माहीत होता. त्याचं काम एवढंच, की दुसऱ्या प्रोग्रामवर नजर ठेवायची. थोड्या थोड्या वेळाने बघायचं, डेटाबेस चालू आहे ना. नसेल तर स्वतः सुरू करायचा आणि माणसांना कळवायचं. आमच्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला वावरात मचाणावर बसतात, त्याला जागली म्हणतात आणि बसणाऱ्याला जागल्या. आपांनी त्या प्रोग्रामचं नाव जागल्या ठेवलं. त्याला काय-काय करायचं ते एका फाईलमध्ये लिहून द्यावं लागे: कुणावर नजर ठेवायची, सुरू कसं करायचं, बंद कसं करायचं, किती थांबायचं, कुणाला सांगायचं. आपा ते लिहिताना मोठ्याने बोलायच्या, जणू समोर कुणीतरी नवा नोकर उभा आहे.

पहिला जागल्या अगदीच भाबडा निघाला. डेटाबेस सुरू झाला की मशीन त्याला ओळखीचा एक नंबर देते, आणि तो ते एका ठिकाणी लिहून ठेवतो. जागल्या तो नंबर बघून समाधान मानायचा. एकदा लाईन जाऊन आली. डेटाबेस पडलेलाच होता, पण जुना नंबर तसाच राहिला होता आणि तो आता भलत्याच प्रोग्रामला मिळाला होता. जागल्या म्हणे, सगळं ठीक आहे.

आपा खुर्चीतून उठल्याच. "नुसती दारावरची पाटी वाचून आला रे! आत हाक मारून पाहाची नाही का? सळई घाल, सळई!" मग त्यांनी त्याला शिकवलं, की नंबर बघून थांबायचं नाही. डेटाबेसच्या दारात जाऊन बोलून बघायचं. उत्तर आलं तरच तो जिवंत.

मग दुसरी भानगड. लाईन अचानक गेली की डेटाबेसला पुन्हा उभं राहायला वेळ लागायचा. अर्धवट राहिलेल्या नोंदी तो आधी सावरून घेत असे. तेवढ्यात जागल्या हाक मारायचा, उत्तर आलं नाही की मेला समजून त्याला बंद करायचा आणि नव्याने सुरू करायचा. तो पुन्हा सावरायला लागला की पुन्हा बंद. सगळी सकाळ हा खेळ. आम्ही पडद्यासमोर हतबल, आणि आपा मात्र हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी. "अरे मुडद्या, थो बिचारा उठूनच राह्यला होता! तूच त्याले पाडून राह्यला!" मग त्यांनी त्याला धीर धरायला शिकवलं. एकदा उत्तर आलं नाही म्हणून हात लावायचा नाही; सुरू केल्यावर पुरेसा वेळ द्यायचा. आणि बरेचदा उठवूनही उठला नाही, तर उठवणं थांबवायचं आणि माणसांना बोलवायचं.

"थांबवायचं कशाला?" मी विचारलं. "करत राहू द्या ना प्रयत्न."

"नाही. सारखा पडते म्हणजे दुखणं दुसरं आहे. थे त्याले समजणार नाही. तिथं माणूसच पायजे."

जागल्या तयार झाला, तशा आपा परीक्षा घेत सुटल्या. आम्ही कामात असताना मुद्दाम डेटाबेस बंद करायच्या आणि घड्याळ हातात धरून उभ्या राहायच्या. नागपूरहून ट्रस्टचे पाहुणे आले त्या दिवशीही त्यांनी हे सोडलं नाही. बोरकर सर कोट घालून पाहुण्यांना नोंदी दाखवत होते आणि मध्येच पडदा कोरा झाला. सरांच्या कपाळावर घाम. त्यांनी मान वळवली, तर कोपऱ्यात आपा शांतपणे शेंगदाणे सोलत होत्या. "बोलत राहा सर," त्या म्हणाल्या, "येते थो." सर बिचारे हवामानावर बोलले, कपाशीच्या वाणांवर बोलले, पाहुण्यांना चहा हवा का ते दोनदा विचारलं. आणि पडद्यावर नोंदी परत आल्या. पाहुण्यांना काही कळलंच नाही. ते गेल्यावर सर पहिल्यांदाच चिडले. आपांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खरी मशीन पडते तं पाहुणे पाहून पडते का सर?" सरांना हसू आवरेना.

हिवाळ्यात इंदूबाई आल्या. यवतमाळला दवाखान्यात दाखवायला नवऱ्याला घेऊन आल्या होत्या, तिथून विचारत विचारत आमच्याकडे. हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. जिना चढून आल्यावर पहिला प्रश्न, "कॉम्प्युटरवाली बाई कोणती?"

आपांची त्रेधा. सल्ला द्यायला आम्ही होतो, डॉक्टर होते; आभार मानायला कुणी आपल्याकडे येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी शेंगांची पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. नवरा, गणपतभाऊ, दारातच उभे. गोळ्या सुरू होत्या, खाणं थोडं सुधारलं होतं, पण बोलत अजूनही नव्हते. इंदूबाई त्यांच्या वतीने सगळं सांगत होत्या, आणि ते भिंतीकडे बघत होते.

आपांना काय बोलावं सुचेना. सुचेनासं झालं की त्या मशीनविषयी बोलत. "या भाऊ, हे पाहा, याच्यातच राह्यते समदं," म्हणून त्यांनी गणपतभाऊंना कोपऱ्यात खुर्ची दिली आणि जागल्याची गोष्ट सांगायला लागल्या. लाईन जाते, डेटाबेस पडतो, लाईन आली की हा त्याला उठवतो.

गणपतभाऊ डब्याकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे आपल्या मोटारीचा ऑटो."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. आपांनी मात्र काही विशेष घडलंय असं दाखवलंच नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "तोच तं! विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो. लाईन केव्हाबी येवो, आपोआप चालू. तुमच्याकडे आहे का?"

"आहे ना."

"मंग सांगा, लाईन आली की लगेच मोटार उचलते का थो?"

"नाही, नाही." गणपतभाऊंनी पहिल्यांदाच मान वर केली. "लगेच नाही देत. लाईन आली की कमी-जास्त होते. तेवढ्यात उचलली तं मोटार जळते. थांबा द्यावा लागते. मी वाढवला आहे थो. शेजारच्याची जळली, त्यानं वाढवला नव्हता."

"माझ्याबी हातून तेच झालं!" आपा टाळी वाजवून म्हणाल्या, आणि त्या सकाळचा गोंधळ रंगवून सांगू लागल्या. गणपतभाऊ मध्ये मध्ये विचारत होते: पाणी नसताना मोटार कोरडी चालली तर ऑटो बंद करतो, तसं हा करतो का? आपा म्हणाल्या, करतो, पण ते त्याला वेगळं सांगावं लागतं. दोघांची अशी जुंपली, की चहा निवून गेला. निघताना गणपतभाऊ जिन्याशी थांबले, वळून म्हणाले, "आमच्या गावातले बरेच ऑटो मीच बसवले."

"मंग आता घरी काहून बसून आहा?" आपा म्हणाल्या.

ते जिना उतरून गेले. पण पुढच्या वेळी इंदूबाईंचा फोन आला, तेव्हा मी मालकाचं विचारलं, तर म्हणाल्या, शेजारच्या गावात मोटार पाहायला गेले आहेत. मी ते नोंदीत लिहिलं. आपांनी मला ती नोंद पुन्हा वाचून दाखवायला लावली.

एक गोष्ट मात्र अजून उरली होती. डेटाबेस पडला की जागल्या मशीनला जोडलेल्या एका जुन्या मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा. कुणाला? फाईलमध्ये एकच नंबर होता, आपांचा.

"आमचेही घाला ना," बोरकर सर म्हणाले.

"घालते, घालते," आपा म्हणायच्या, आणि दिवस जायचे. मशीन हातातून सोडणं त्यांना इतक्या लवकर जमणार नव्हतं. मी ते बघत होते. फाईल उघडायच्या, नंबराच्या ओळीपर्यंत यायच्या, दुसरंच काहीतरी नीट करून फाईल बंद करायच्या. मग एके दिवशी आईच्या ऑपरेशनची तारीख पक्की झाली. त्या दुपारी त्यांनी मला आणि सरांना शेजारी बसवलं, सगळ्यांचे नंबर घातले, पासवर्ड मोठ्याने सांगितला आणि म्हणाल्या, "आता शिका. मी विचारीन."

आणि विचारलंही. पुढचे कित्येक दिवस त्या हातांची घडी घालून मागे उभ्या राहायच्या, काहीतरी बिघडवून ठेवायच्या आणि आम्हाला शोधायला लावायच्या. मी चुकीच्या ठिकाणी बघायला लागले की त्यांची बोटं वळवळायची, पण घडी सुटायची नाही.

आपा दिग्रसला गेल्या तेव्हा बाजारात कापसाची आवक जोरात होती. भाव कोसळल्याची बातमी आली त्या दिवशी सकाळपासून फोन थांबेनात. आणि ऐन गर्दीत माझा मोबाईल वाजला: डेटाबेस पडला, उठवतो आहे. थोड्या वेळात पुन्हा. मग शेवटचा एसएमएस आला: उठत नाही, माणूस पाहिजे.

बोरकर सर फोनवर अडकलेले. मी कोपऱ्यात जाऊन बसले. आपांनी शिकवलेल्या क्रमाने बघत गेले आणि सापडलं: मशीनमध्ये जागाच उरली नव्हती. फोनच्या रेकॉर्डिंगनी डिस्क काठोकाठ भरली होती. डेटाबेसला पाय ठेवायला जागा नाही, मग उठवून उपयोग काय? मी जुनी रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर हलवली, सेवा सुरू केली, आणि जागल्याला पुन्हा कामावर बसवलं. बाजूच्या टेबलावरच्या मुलीचा आवाज आला, "उघडलं गं, उघडलं!" आणि त्याच श्वासात ती फोनवर म्हणाली, "हां काका, मागच्या वेळी तुम्ही मुलीच्या परीक्षेचं बोलला होता..."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तेच एसएमएस आपांनाही गेले असणार. आणि आपांचा फोन आला नव्हता.

त्या परत आल्यावर मी विचारलं. "आला होता ना मेसेज," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात बसली होती. तिन्हीच्या तिन्ही वाचले. फोन हातात घेतला. पुन्हा पर्समध्ये टाकला, पर्स अम्मीच्या खाटेखाली ढकलली. मग बाहेर जाऊन येरझाऱ्या घातल्या. नर्स म्हणे, बाई, ऑपरेशन चांगलं झालं आहे, तुम्ही काहून एवढ्या घाबरल्या?" हे सांगून त्या मोठ्याने हसल्या, मग उठून डब्यावर टकटक केली आणि बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी आमची नोकरी सोडली. रुसून नाही, भांडून नाही. "इथं आता माझं काय काम?" असं म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज किंचित दुखावलेला होता, पण चेहरा खूश होता. दिग्रसला मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता. निरोपाला बोरकर सरांनी भाषण केलं, आपांनी त्यात दोन चुका काढल्या.

नंतर भेट राहूनच गेली. चार-पाच वर्षांनी एका नातलगाच्या साखरपुड्याला मी दिग्रसला गेले. सोयाबीन निघायचं होतं, कपाशीला नुकती बोंडं धरत होती. क्लास शोधत गेले. आत मुलींची ही गर्दी, पण मॅडम नव्हत्या. एक मुलगी हसू दाबत म्हणाली, "मॅडम जिनिंगच्या आवारात असतीन. या टाईमले तिथंच असते."

हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून जिनिंगचं आवार मोकळं पडलं होतं. फाटकातून आत गेले तर मधोमध आपा. लाल स्कूटीवर. पाठ ताठ, ओढणी कमरेला आवळलेली, दोन्ही पाय जमिनीपासून जरासे वर धरलेले, आणि गाडी आवाराला गोल गोल फेऱ्या मारतेय. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी हाक मारली.

त्यांनी मला पाहिलं. चेहरा असा फुलला म्हणून सांगू! एक हात वर करायला गेल्या, गाडी डगमगली, घाईघाईने हात परत हँडलवर.

"सविता! अगं बेटा, कवा आली?"

"आत्ताच! थांबा ना, आपा!"

"थांबाचं अजून शिकली नाही!" माझ्या समोरून जाता जाता त्या ओरडल्या. "पुढच्या चक्करले बोलू!"

आणि वळणावर ब्रेक दाबायच्या ऐवजी त्यांनी हॉर्न वाजवला.